मार्लीनचे ठसे

ट्रॉय लेहटो दारात आला तेव्हा मी सार्डिनचा डबा उघडत होतो. गुरुवार, नऊ मे, दुपारचे पावणेबारा. ट्रॉय शेरीफच्या ऑफिसात डेप्युटी आहे. त्यानं टोपी काढून हातात धरली होती. तेवढ्यावरूनच मला कळायला हवं होतं. मी म्हणालो, "ये, कॉफी तयार आहे."

"रुडी, आधी तुम्ही बसा," तो म्हणाला.

मी बसलो नाही. मग त्यानं उभ्या उभ्याच सांगितलं. चर्चच्या तळघरात बायका पास्त्यांच्या, म्हणजे दर गुरुवारी विकायच्या मांस-बटाट्याच्या मोठ्या करंज्यांच्या, सारणासाठी बटाटे सोलत होत्या. माझी बायको मार्लीन म्हणाली, जरा गरगरतंय, आणि सुरी खाली ठेवून खुर्चीवर बसली. बसली ती उठलीच नाही. अँब्युलन्स आठ मिनिटांत आली होती. त्यांनी करायचं ते सगळं केलं.

"सुरी खाली ठेवली होती का?" मी विचारलं.

"हो. ठेवली होती."

हे मी का विचारलं, मला माहीत नाही.

ट्रॉयला निघायचं होतं, पण असं कसं निघायचं ते त्याला कळत नव्हतं. तो फ्रिजवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. अकरा जूनभोवती मार्लीननं लाल पेनानं गोल काढला होता.

"ते ठशांचं कार्ड या वेळी परत आलं नाही," तो म्हणाला. "म्हणजे पास झालं. आज-उद्या तिला सांगणारच होतो."

मग त्याचे कान लाल झाले.

"बरं झालं," मी म्हणालो.

तो गेल्यावर मी कॅरिनला फोन केला. कॅरिन आमची मुलगी, वीस मैलांवर राहते. मी तिला काय बोललो ते आठवत नाही. संध्याकाळी घरात माणसं येऊन गेली, तीन जणींनी जेवणाचे तीन कॅसरोल आणून ठेवले. सगळे गेल्यावर बघितलं तर सार्डिनचा डबा अर्धा उघडा तसाच ओट्यावर होता. तोच मी खाल्ला.

ठसे कसले, ते सांगतो.

१९७४ च्या फेब्रुवारीत मार्लीन एकोणीस वर्षांची होती. डेल नावाच्या मुलाबरोबर ती घर सोडून गेली. डेलला घर नव्हतं, काम नव्हतं. एक पिकअप होती, तिची बॅटरी दर दोन दिवसांनी उतरायची. त्या दोघांनी तळ्याकाठचं एक उन्हाळी घर फोडलं. मालक खाली डेट्रॉइटकडचे, उन्हाळ्यात दीड महिना यायचे, बाकी वर्षभर घर बंद. हे दोघं तिथं एकोणीस दिवस राहिले. कपाटातलं डबाबंद सगळं खाल्लं. सरपण संपल्यावर डेलनं जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या फोडून शेगडीत घातल्या. सहा खुर्च्या. निघायच्या आदल्या दिवशी मार्लीननं भांडी घासली, चादरी धुतल्या, घड्या करून कपाटात ठेवल्या. तळ्यावर बर्फाला भोक पाडून मासे धरणाऱ्या कुणीतरी धूर पाहिला होता. दोघांना रस्त्यातच पकडलं. डेल तुरुंगात गेला, पुढे त्याचं काय झालं ते आम्हाला कधी कळलं नाही. मार्लीनला तीन वर्षं देखरेखीवर सोडलं. दर महिन्याला जाऊन सही करायची. एक महिना चुकला नाही तिचा. पण कागदावर घरफोडी ती घरफोडी. मोठा गुन्हा.

लग्नाआधी तिनं हे मला सांगितलं, माझ्या गाडीत बसून. मी काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवायचो. मला फार बोलता येत नाही.

"सहाच्या सहा खुर्च्या?" मी विचारलं.

"सहाच्या सहा," ती म्हणाली. ती हसायला लागली आणि मग रडायला लागली.

त्यानंतर चाळीस वर्षं हा विषय आमच्या घरात निघाला नाही. गावातल्या म्हाताऱ्यांना माहीत होतं, तेही कधी बोलले नाहीत. इथली पद्धतच तशी आहे. मार्लीननं हॉस्पिटलच्या लाँड्रीत एकोणतीस वर्षं काम केलं. तिथं तिला कुणी काही विचारलं नाही.

विचारलं ते शाळेनं. नात ब्रिन पहिलीत गेली तेव्हा शाळेनं एक गोष्ट सुरू केली. दर शुक्रवारी कुणाचे तरी आजी-आजोबा येऊन वर्गाला पुस्तक वाचून दाखवणार. त्यासाठी एक फॉर्म. मार्लीननं तो भरला. पंधरा दिवसांनी पत्र आलं, तूर्त परवानगी देता येत नाही. कारण लिहिलं नव्हतं. कारण लिहायची गरज नव्हती. तिनं पत्र दोनदा वाचलं आणि चुलीत घातलं.

कॅरिनला तिनं सांगितलं, गुडघा दुखतो, शाळेला फार पायऱ्या आहेत.

"शाळेला तीन पायऱ्या आहेत, आई," कॅरिन म्हणाली.

"तीन काय कमी आहेत?"

पुढचा सगळा वेळ हेच चाललं. कॅरिन विचारायची, मार्लीन गुडघा सांगायची. मी पेपर वाचायचो.

गेल्या वर्षीच्या सप्टेंबरात वाचनालयात फुकट सल्ला देणारे वकील आले होते. जुने गुन्हे झाकून मिळतील, असा कागद बाहेर लावला होता. मार्लीन म्हणाली, "मला एक पुस्तक परत करायचंय." मी गाडी काढली. तिच्या हातात पुस्तक नव्हतं.

वकील एक तरुण मुलगी होती, अ‍ॅनिका नावाची. तिनं सगळं नीट समजावलं. नवीन कायद्यानं बरीचशी जुनी प्रकरणं संगणक आपोआप झाकतो, पण मार्लीनचं प्रकरण त्या यादीत बसत नव्हतं. त्यासाठी अर्ज करायचा. अर्जाबरोबर जुन्या निकालाची प्रत आणि दहा बोटांचे ताजे ठसे. ठसे राज्याच्या पोलिसांकडे जातात, ते पाहतात की नंतर आणखी काही केलंय का. मग तारीख, मग न्यायाधीश, मग सही. सही झाली की नोंद बंद. शाळेनं शोधली तरी दिसणार नाही.

"ह्याला किती दिवस?" मार्लीननं विचारलं.

"चार-पाच महिने. तुमच्या प्रकरणात अडण्यासारखं काहीच नाही."

घरी येताना गाडीत मार्लीन म्हणाली, "कॅरिनला तू काही बोलायचं नाहीस. कागद हातात आला की मी स्वतः सांगेन. कागद दाखवून सांगेन. त्याच्या आधी नाही."

"बरं," मी म्हणालो.

"नुसतं बरं नको. शब्द दे."

मी दिला.

ठसे घ्यायला शेरीफच्या ऑफिसात गेलो, तिथं ट्रॉय होता. त्यानं तिचं एकेक बोट शाईत फिरवून कार्डावर टेकवलं.

"मार्लीन, बोट सैल सोडा. मी फिरवतो. तुम्ही मदत करू नका."

"सगळ्यांना मदत करण्यातच जन्म गेला, आता ही सवय कशी मोडू?"

ट्रॉयनं कार्ड उजेडात धरलं. "तुमच्या बोटांवर रेघाच नाहीत हो. बँक लुटली तरी कुणाला पत्ता लागायचा नाही."

"पन्नास वर्षं उशिरा सांगतोयस," मार्लीन म्हणाली.

ट्रॉय इतका हसला की पलीकडच्या खोलीतला माणूस बघायला आला. मीही हसलो.

ते कार्ड सहा आठवड्यांनी परत आलं. ठसे वाचता येत नाहीत. एकोणतीस वर्षं गरम पाणी आणि ब्लीच, बोटं काचेसारखी गुळगुळीत झाली होती. जुन्या फाइलीत १९७४ चं कार्ड होतं, अ‍ॅनिकानं त्याची प्रत दाखवली. त्यावर एकेक रेघ स्वच्छ होती. मार्लीन ते कार्ड बराच वेळ बघत होती.

ट्रॉयनं उपाय सांगितला. बारा दिवस हात पाण्यात घालायचे नाहीत. भांडी नाही, फरशी नाही, बटाटे सोलणं नाही. दिवसातून चारदा क्रीम, झोपताना सुती हातमोजे. कातडी थोडी वर येते, रेघा उमटतात. लाँड्रीवाल्यांचं आणि गवंड्यांचं असंच करतात, तो म्हणाला.

तेव्हा डिसेंबर चालू होता. भांडी मी घासायला लागलो.

"रुडी, ह्या पातेल्याला तू पाणी लावलंस की नुसती ओळख करून दिलीस?"

"स्वच्छ आहे ते."

"तळाशी कालचं सूप बसलंय. त्याला खुर्ची आणून दे."

मी झोपलो की ती उठून भांडी पुन्हा घासते, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. मी भांडी कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं. ती म्हणाली, असा नवरा शोधून सापडायचा नाही. पण मग खरंच हात कोरडे ठेवले तिनं. नऊ दिवस. सॉनाच्या वाफेतसुद्धा हात पिशवीत बांधून बसली.

दहाव्या दिवशी चर्चमधून फोन आला. पास्त्यांचा गुरुवार होता, सव्वातीनशेची ऑर्डर, आणि दोघीजणी तापानं पडलेल्या. मार्लीन म्हणाली, "मी फक्त बघायला जाते. हात लावणार नाही." मीच तिला सोडलं. मीही तळघरात बसलो, कारण गरम पास्ती मिळते. तासाभरानं मान वर केली तर ती मोठ्या सिंकपाशी उभी, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, गार पाण्यात सारणाचे रुटाबागा कंद धूत होती. दोन टब भरून. हातमोजे मागच्या खिशात खोचलेले.

मी पाहिलं. माझ्या तोंडात घास होता. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर चारचौघींत तिला कारण सांगावं लागलं असतं, असा मी विचार केला. किंवा तसा विचार केला असं आता मी म्हणतो.

दोन दिवसांनी ठसे देऊन पाठवलेलं दुसरं कार्डही परत आलं. तोपर्यंत फेब्रुवारी संपत आला होता. मग तिनं हट्टानं बारा दिवस काढले. खरे बारा. चर्चमध्ये सांगितलं, मनगट मुरगळलंय. तिसरं कार्ड मार्चच्या शेवटी गेलं आणि अ‍ॅनिकानं अकरा जूनची तारीख मिळवली. ट्रॉय म्हणाला, आता रेघा दिसतायत. त्यानंतर मार्लीन पुन्हा पास्त्यांना जायला लागली. पुढचं सांगितलंच.

पहिलंच कार्ड चाललं असतं तर तारीख जानेवारीत लागली असती. दुसरं चाललं असतं तर एप्रिलमध्ये. हे मी अ‍ॅनिकाला विचारलं होतं. तिला सांगायचं नव्हतं, पण मी विचारलं म्हणून तिनं सांगितलं.

अंत्यविधीनंतर दुसऱ्या आठवड्यात कॅरिन आईचे कपडे आवरायला आली. तिनं तीन ढीग केले. चौथ्या कोटावर ती थांबली.

"बाबा, एक विचारू?"

"विचार."

"आई एकदाही ब्रिनच्या शाळेत का नाही आली?"

"गुडघा."

"बाबा, त्याच गुडघ्यावर ती चर्चच्या जिन्यावरून बटाट्यांची पोती उतरवायची. मी पाहिलंय. ब्रिननं एकदा मला विचारलं, आजीला मी आवडत नाही का? मी काय सांगायचं होतं तिला?"

मी कोटाच्या गुंड्या लावत होतो. द्यायच्या कोटाच्या गुंड्या लावायची काही गरज नव्हती.

"आवडायची तिला," मी म्हणालो.

"मग?"

मी म्हणालो, अकरा तारखेनंतर बोलू. ती म्हणाली, अकराला काय आहे? मी म्हणालो, एक काम आहे. तिनं कोट माझ्या हातातून घेतला आणि ढिगावर टाकला.

तेव्हा माझा हिशेब साधा होता. कागद मिळेल. कागद कॅरिनला दाखवायचा आणि मग सांगायचं. मार्लीननं ठरवलं होतं तसंच, फक्त सांगणारा मी.

अ‍ॅनिकानं फोन करून सांगितलं होतं की आला नाहीत तरी चालेल, मृत्यूचा दाखला मी सादर करते. तिच्या आवाजावरून मला समजायला हवं होतं. मी गेलो. अंत्यविधीचाच सूट घातला, दुसरा नाही.

न्यायाधीश बाई होत्या, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. त्यांनी मार्लीनचं नाव वाचलं, गुन्हा वाचला, साल वाचलं. मोठ्यानं, कारण तसंच वाचतात. मागच्या बाकांवर दहा-बारा माणसं आपापल्या कामासाठी बसली होती.

"अर्जदार हजर आहेत?"

"त्या नऊ मे रोजी वारल्या," अ‍ॅनिका म्हणाली. "त्यांचे पती हजर आहेत."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "मिस्टर सारेला, तुम्हाला काही सांगायचंय?"

मी पाठ करून गेलो होतो. उभा राहिलो. "तिनं पन्नास वर्षांत काही केलं नाही," मी म्हणालो. मागं कुणीतरी हसलं. "म्हणजे वाईट काही केलं नाही. कामं खूप केली."

सरकारी वकील म्हणाला, आमची हरकत नाही. मग त्यानं एक पत्र काढलं. अशा अर्जाची खबर ज्याचं नुकसान झालं त्यालाही देतात. घराचे मालक कधीच वारले, पण त्यांच्या मुलीनं उत्तर पाठवलं होतं. ते त्यानं वाचून दाखवलं. तिनं लिहिलं होतं की तेव्हा ती दहा वर्षांची होती. वडील खुर्च्यांसाठी फार चिडले होते, त्या आजोबांनी केलेल्या होत्या. पण आईनं कपाट उघडलं आणि चादरी बघून म्हणाली, ही पोरगी माझ्यापेक्षा चांगल्या घड्या घालते. पुढे दर उन्हाळ्यात चादरी काढताना आई तेच म्हणायची. चादरींच्या घड्या घालणारी ती मुलगी पुढे सुखात राहिली असेल अशी आशा आहे, आमची काही तक्रार नाही. एवढंच.

मला वाटलं, आता मला काहीतरी वाटेल. काही वाटलं नाही. वकिलाच्या टायवर कॉफीचा डाग होता, तो मी बघत होतो.

न्यायाधीशबाई म्हणाल्या, "त्या आज इथं उभ्या असत्या तर मी दोन मिनिटांत सही केली असती. हे मी नोंदीसाठी सांगते. पण अर्जदार हयात नसेल तर माझ्यापुढे अर्जच उरत नाही. ज्यांना हे द्यायचं त्या नाहीत."

"नाव तर आहे," मी म्हणालो.

अ‍ॅनिकानं माझ्या बाहीला हात लावला. न्यायाधीशबाईंनी कागदावरचं नाव पुन्हा पाहिलं.

"हो," त्या म्हणाल्या. "नाव आहे. त्यावर मला अधिकार नाही. मला वाईट वाटतं, मिस्टर सारेला."

अर्ज निकालात काढला. नंतर पुढचं नाव पुकारलं.

खाली नोंदणीच्या खिडकीत जोडी नावाची बाई बसते. तिचा बाप आणि मी एकाच गॅरेजमध्ये कामाला होतो. मी तिला विचारलं, ते पत्र मला मिळेल का, त्या बाईचं.

"मिळेल की, रुडी. त्याला काय?"

"मला देता येतं?"

"कुणालाही देता येतं. सही झाली असती तर तुम्हालासुद्धा दिलं नसतं. उघडी फाइल आहे ना, कुणीही यावं, मागावं." मग ती काय बोलली ते तिच्या लक्षात आलं. तिनं झेरॉक्स काढली, दोनदा घडी केली आणि पाकिटात घालून दिली. पैसे घेतले नाहीत.

त्याच संध्याकाळी कॅरिनचा फोन आला. "झालं का तुमचं काम?"

"नाही झालं."

"मग आता?"

"बघू," मी म्हणालो.

सप्टेंबरात शाळा सुरू झाली. ब्रिन तिसरीत गेली. कॅरिन म्हणाली, "बाबा, निदान तुम्ही तरी या एखाद्या शुक्रवारी. ती वाट बघते." तिनं फॉर्म पाठवला. मी भरला. नाव, जन्मतारीख, पत्ता. चार दिवसांत शाळेचं उत्तर आलं, माझ्यावर काही नाही, मी कधीही येऊ शकतो. ब्रिननं पुस्तक निवडून ठेवलंय, बीव्हरचं. कॅरिननं मला वार आणि वेळ कागदावर लिहून दिली, म्हणजे विसरायला नको.

मी विसरलेलो नाही. दोनदा शाळेच्या आवारापर्यंत गाडी नेली. तीन पायऱ्या आहेत, मी मोजल्या. वर गेलो तर कॅरिन दारात उभी असणार आणि विचारणार, बाबा, तुम्हाला चार दिवसांत मिळालं, मग आईला काय अडचण होती?

मार्लीन म्हणाली होती, कागद हातात आल्यावर. तो कागद आता येणार नाही. मग मी दिलेला शब्द कुठपर्यंत धरायचा हे मला कळत नाही, आणि ज्याला विचारावं असं माणूस एकच होतं.

आज ऑक्टोबरची अठरा तारीख. सहा शुक्रवार गेले. मी शाळेत वाचायला गेलो नाही. कॅरिनला सांगितलेलं नाही. मार्लीनची नोंद अजून उघडी आहे.